खदानीतलं वावर

२०१८ साल. मी सहासष्ट वर्षांचा होतो, तू एकसष्टची. त्या उन्हाळ्यात मी तुझ्यासमोर एक कागद धरला आणि म्हटलं, "सही कर." शेवंता, तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. तुझ्याबद्दल लिहायला बसलो की सगळ्यात आधी तो कागदच डोळ्यांसमोर येतो. तुझं लहानपण येत नाही, तुझं लग्न येत नाही. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं बोलावं, असं सगळे सांगतात. तुझं चांगलं पुष्कळ आहे, पण माझं वाईट मधात येऊन उभं राहतं. त्याला बाजूला सारल्याशिवाय मला पुढचं काही दिसत नाही.

परवा विहारात तुझं जलदान झालं. त्रिशरण-पंचशील झालं, भन्तेजी बोलले, मग गावातले चार जण उठले. एक म्हणाला, शेवंताबाईनं खदानीचं सोनं केलं. दुसरा म्हणाला, आपल्या समाजाचं नाव मोठं केलं. याच लोकांनी तुझं नाव 'खदानवाली' ठेवलं होतं. तू डोक्यावर टोपलं घेऊन निघालीस की पारावरून आवाज यायचा, "चालली खदानवाली गवत पेराले." मी तिथेच बसलेला असायचो. मी कधी कोणाला गप्प केलं नाही. खरं सांगतो, एक-दोनदा हसलोही.

मग भन्तेजी म्हणाले, मोठ्या भावानं दोन शब्द बोलावेत. मी उठलो नाही. लोकांना वाटलं, म्हातारा रडून राह्यला. मी रडत नव्हतो. मला राग आला होता. त्यांचा, तुझा आणि माझा, तिघांचाही. तिथे बोललो असतो तर खरं बोलावं लागलं असतं, आणि एवढ्या लोकांसमोर खरं बोलायची माझी हिंमत नव्हती. म्हणून इथे लिहितो. मी चौथीपर्यंत गेलो, तू सातवी झालीस. माझं अक्षर तुला आवडायचं नाही. आता चालवून घे.

टेकाडाचं ते तीन एकर बाबा आणि मायनं गायरानातलं कुसळ उपटून, दगड वेचून केलं होतं. पट्टा मिळायला त्यांची अर्धी जिंदगी गेली. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आपली दोघांची नावं चढली. गावात ज्या-त्या बहिणीनं भावाला हक्कसोड लिहून दिलं आणि दरवर्षी साडीचोळी घेतली. तू दिलं नाहीस. तुझा मालक वारला, लहानग्या वंदनाला घेऊन तू माहेरी आलीस, आणि मी हक्कसोडचं काढलं तेव्हा दारात उभी राहून म्हणालीस, "दादा, साडी नको मले. वावर राहू दे."

ते मला फार लागलं. चार माणसांत माझी इज्जत गेली असं वाटलं. त्यानंतर इतकी वर्षं कोणी विचारलं की मी म्हणायचो, "वावर माहंच हाये, बाईचंबी नाव हाये त्याच्यावर." जसं काही नाव वेगळं आणि वावर वेगळं. तू ते ऐकायचीस आणि निंदण करत पुढे सरकायचीस.

मग मोठ्या रस्त्याचं काम निघालं. रस्त्याला मुरूम पाहिजे होता आणि आपल्या टेकाडाखाली मुरूम होता. ठेकेदाराचा सुपरवायझर आला. पोरगाच होता, गॉगल डोक्यावर चढवलेला. मला काका म्हणायचा. "काका, टेकाड काढून देतो, शेत सपाट करून देतो, खालच्या कोपऱ्यात शेततळं फुकट. तुमचं काय जातंय? फक्त दोघांच्या सह्या लागतात." टेकाडावर पीक जळायचं हे खरंच होतं. सपाट वावर, शिवाय तळं. मला ते एवढं पसंत पडलं की तुला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुझी फक्त सही पाहिजे होती.

तू छपरीत तूर पाखडत होतीस. सुपरवायझर माझ्या मागं उभा होता.

"कायचा कागद हाये?"

"वावर सपाट करून देते ठेकेदार. इथीसा सही कर."

"वाचू दे आंदी. चष्मा आणते."

"काय वाचतं त्याच्यात? म्या पाह्यलं."

"तू पाह्यलं?" तू हसलीस. "तुले बाराखडी वाचाले दुपार लागते."

तो पोरगा पण हसला. तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भावावर भरोसा नाही का तुहा?"

तू सूप खाली ठेवलंस. लुगड्याला हात पुसलेस आणि चष्म्याशिवायच सही केलीस. वळणदार, शाळेतल्यासारखी.

आपल्याकडे भावानं दिलेला कागद बहीण वाचत नाही. वाचला तर तो संशय होतो, न वाचता सही केली तर ती माया. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मी ते वाक्य बोललो. आणि शेवंता, मी स्वतः तो कागद वाचला नव्हता. मला अक्षरावर बोट ठेवून वाचावं लागतं. त्या गॉगलवाल्या पोरासमोर मला बोट ठेवायचं नव्हतं. एवढ्यासाठी आपलं वावर गेलं. किती खोल खंदायचं हे त्या कागदात लिहिलेलंच नव्हतं, हे नंतर कळलं.

पोकलेन आली त्या दिवशी तू धावत आलीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, "दादा, वरची माती अलग काढाले सांग, धुऱ्याले ठेवाले सांग. हातभर तं माती हाये आपली. थे मुरमात मिसळली तं मंग कायीच राहत नाही."

मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. "बाईमाणसानं मधात बोलू नाही. हे मशीनचं काम हाये, चुलीचं नाही."

फावडं आणि घमेलं घेतलंस आणि मशीनच्या पुढे वाकून माती ओढू लागलीस. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला, मजूर हसून राह्यले. दोन दिवस तू ते केलंस. दोन दिवसांत एका बैलगाडीएवढी माती धुऱ्याला, बांधाच्या कडेला लागली असेल. बाकी सगळी हायवा ट्रकांत भरून रस्त्याखाली गेली. मायनं दगड वेचून जी माती उघडी केली होती, तिच्यावरून आता मोटारी चालतात.

टेकाड गेलं. वावर सपाट झालं. त्या दिवशी मी मजुरांना चहा पाठवला होता, इतका खूश होतो. दुसऱ्या दिवशी मशीन थांबेल असं वाटलं. थांबली नाही, खाली गेली. दोन उन्हाळे ती खाली जात राह्यली. मी आडवा गेलो तर सुपरवायझरनं कागद पुढे केला. आता तो काका म्हणत नव्हता. "सही तुमचीच ना ही?" रस्ता झाला, मशीन गेली, तो पोरगा गेला. आपलं तीन एकर दोन पुरुष खोल बसलं. खालचा कोपरा तेवढा नाल्याकडे उघडा होता. शेततळं कुठं आहे म्हणून विचारायची सोयच राहिली नाही, सगळंच तळं झालं होतं. पावसाळ्यात कंबरभर गढूळ पाणी, आणि उन्हाळ्यात गाड्यांनी दाबून दगडासारखा केलेला पिवळा तळ. त्याच्यावर चालताना चपलेचा आवाज यायचा.

मी वाट पाहिली. तू आता बोलशील, मग बोलशील. "म्या वाचू दे म्हणलं होतं." एवढं एक वाक्य. त्याचा जवाब मी तयार ठेवला होता, "तू शिकलेली होतीस, तूच वाचाचं होतं." हा जवाब मी सात वर्षं तोंडात धरून फिरलो. तू बोललीच नाहीस. माणसाला शिव्या दिल्या तर तो मोकळा होतो. तू मला मोकळं केलं नाहीस. ते तुझं मोठेपण होतं की शिक्षा होती, हे मला आजही समजत नाही.

मशीन गेल्यावरच्या पुढच्या उन्हाळ्यात तू खदानीत उतरलीस आणि मधोमध दगडांची ओळ लावलीस. "दीड एकर तुहं, दीड एकर माहं. तू तुह्या मनानं कर, मी माह्या मनानं करते." मी म्हटलं, "खदानीत कायचं वावर होते?" तू म्हणालीस, "मायनं पाह्यलं तवा तरी कोठी वावर होतं?"

मला तुझ्या पुढं जायचं होतं. त्याच उन्हाळ्यात तलावातला गाळ काढणं सुरू झालं. ट्रॅक्टर लावून मी ट्रॉल्यावर ट्रॉल्या माझ्या अर्ध्यात टाकल्या. पंधरा दिवसांत काळीभोर माती, मांडीएवढा थर. गाव पाहायला आलं. पारावर माझी वाहवा झाली. तू त्या वर्षी एक टोपलं गाळ आणला नाहीस. लोखंडी सब्बल घेऊन त्या दगडासारख्या तळात ओळीनं भोकं पाडत होतीस, आणि खालच्या कोपऱ्यातून नाल्याकडे चर काढत होतीस. मी दगडांच्या ओळीवर उभा राहून विचारलं, "काय व, विहीर खंदून राह्यली का?"

"नाही. जमिनीची नाकं मोकळी करून राह्यली. दम कोठून घेईन थे?"

"बाईची अक्कल," मी म्हटलं, आणि सोयाबीन पेरलं.

पाऊस आला. माझा गाळ पाणी पिऊन फुगला. खाली तळ पक्का, पाण्याला जायला जागा नाही. सोयाबीन वीतभर वर आलं, पिवळं पडलं आणि उभ्या जागी सडलं. त्या वासानं माझी बैलजोडी तिकडे वळेना. पुढच्या वर्षी तूर लावली, ती पण बसल्या जागी मेली. गाळ चांगला होता, बी चांगलं होतं. परातीत भिजवून ठेवलेल्या कणकेसारखं माझं वावर तसंच पडून राह्यलं.

तू तिकडे ताग पेरला होतास. आपल्या दीड एकराच्या तू चार पट्ट्या पाडल्या होत्यास, त्यातल्या फक्त पहिल्या पट्टीत, धुऱ्यावरची ती बैलगाडीभर माती पसरून. ताग छातीला लागला, पिवळी फुलं आली, आणि तू त्याच्यात वखर घातलास. तुझी वहिनी घाबरून घरी आली. "अवो, बाई उभं हिरवं मोडून राह्यली. डोकं तं नाही फिरलं तिचं?" मी तसाच निघालो. मनात बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

"उभ्या पिकात वखर घालते का कोणी?"

"पीक कोठी हाये, दादा? हे जमिनीचं जेवण हाये." तू बैलांना थांबवलं आणि माझ्या अर्ध्याकडे पाहिलंस. "तू तुह्या जमिनीले पंगतीत बसवलं, ताट भरून वाढलं, अन् तोंड शिवून ठेवलं. थे खाईन कसं?"

बैल हाकणारा गडी हसला. मी चार महिने तुझ्याशी बोललो नाही. तुझं म्हणणं मला तिथंच पटलं होतं. पटलं म्हणूनच बोललो नाही.

वर्षामागून वर्ष तू तेच केलंस. ताग पेरायचा, मोडायचा. थंडीत मेंढरंवाल्याला बोलावून खतासाठी आठ दिवस कळप बसवायचा, त्याला भाकर-पिठलं न्यायचं. गाळ तू तिसऱ्या वर्षी आणलास, तो पण दोन बोटं जाडीचा, डोक्यावरून. एक पट्टी झाली की दुसरी. मी एकदा टोमणा मारला, "असंच चाललं तं चौथी पट्टी व्हयेपर्यंत तू मरून जाशीन." तू म्हणालीस, "मंग तीन तं झाल्या असतीन." तसंच झालं. तीन झाल्या. शेवंता, माझ्या तोंडून ते निघालं होतं. भावाच्या तोंडून.

पहिल्या पट्टीत ज्वारी आली त्या वर्षी तू चार कणसं वहिनीच्या हाती घरी पाठवलीस. मुठीएवढी, दाण्यांनी ठासलेली. वहिनी म्हणाली, हुरडा भाजू. मी ती उचलून बैलासमोर टाकली. बैलानं चवीनं खाल्ली. घरात तेवढा एकच शहाणा होता.

ही एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. एका पावसाळ्यात दगडांची ओळ तू मधेच दोन हात उघडली होतीस, आणि माझ्या अर्ध्यात तुंबलेलं पाणी तुझ्या चरात काढून दिलं होतंस. मला विचारलं नव्हतंस. मी गेलो, पाहिलं, आणि दगड परत लावून ते बंद केलं. भर पावसात, चिखलात बसून. तुझं उपकाराचं पाणी मला नको होतं. पुढच्या पावसाळ्यात तू ते पुन्हा उघडलंस. त्या वेळी मी उभा राहून बघत बसलो. पाणी माझ्याकडून निघून तुझ्याकडे गेलं, तुझ्याकडून नाल्याला गेलं. मी ते बुजवलं नाही. इतक्या वर्षांत मी तुझ्यासाठी केलेलं काम एवढंच. तू ते पाहिलंस की नाही, मला माहीत नाही. पाहिलं असशील. तुझ्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

कृषी खात्याचे दोघं तुझं वावर पाहायला आले होते, तेव्हा मी बाभळीमागं होतो. मुद्दाम. मला ऐकायचं होतं तू माझं काय सांगतेस. त्यांनी तुझा फोटो काढला, तुझ्या मातीत बोट घालून पाहिलं, गांडुळं पाहिली. मग एकानं ओळीपलीकडं हात करून विचारलं, "मावशी, हे अर्धं असं काहून पडलं?"

आता सांगशील. माझा गाळ, माझी घमेंड, तो कागद.

तू म्हणालीस, "थे माह्या मोठ्या भावाचं हाये. त्यायचं काम चालू हाये."

चालू कुठं होतं? तीन वर्षं मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. तू मला झाकलंस. घरी येऊन मी जेवलो नाही. वहिनीवर ओरडलो. तू माझी बेइज्जती केली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी भांडायला आलो असतो, आणि भांडता भांडता कदाचित सब्बल हातात घेतली असती. तू माझा मान ठेवलास आणि मला घरी बसवलंस. मी तुझ्यावर रागावलो आहे ते यासाठी पण.

आपलं शेवटचं भांडण तुला ताप येण्याच्या आठ दिवस आधीचं. तू चौथ्या पट्टीत भोकं पाडत होतीस. मी म्हटलं, "एवढं करून काय उपेग? तुह्या माघारी वंदना विकून टाकीन. तिची नोकरी अकोल्यात, तिले कायचं वावर पाह्यजे? माह्या नावावर करून दे, मी तरी राखीन."

"तुहं तू राखलं का?"

तू लगेच आवाज मऊ केलास. "दादा, तिले विकाचं असन तं विकन. मेहनत माही होती, वावर तिचं हाये."

"अन् पुन्हा कोणी मशीन लावली तं?"

"मंग तिच्या पोरीले सब्बल घ्यावी लागन." तू हसलीस, सब्बलीवर रेलून. मग म्हणालीस, "दादा, तुले एक सांगू?"

मी म्हटलं, "काय सांगतं? तुहं नेहमीचंच." आणि निघून आलो.

मागे वळून पाहिलं असतं तर काय झालं असतं? तू काय सांगणार होतीस? कागदाचं असेल. नसेलही. "पाणी पाठवत जा," एवढंच असेल. आता मी रोज ते वाक्य माझ्या मनानं पुरं करतो. दर वेळी ते वेगळं निघतं, आणि दर वेळी माझ्याकडे जवाब नसतो. तोंडात धरून ठेवलेला जुना जवाब आता मला माझ्याच तोंडात कडू लागतो. तू शिकलेली होतीस म्हणे. तू शिकलेली होतीस म्हणूनच तर वाचू दे म्हणालीस. न वाचता सही केलीस ती माझी बहीण होतीस म्हणून.

तुझ्या जलदानाच्या जेवणात मी वाढत होतो. वंदना मांडवात बसली होती. पांढरा शर्ट घातलेला एक माणूस तिच्याजवळ टेकला. आधी दुःख बोलला, मग हळूच म्हणाला, "ताई, आईचं वावर ठेवता का काढता? खाली अजून पक्का मुरूम आहे म्हणतात. पुन्हा रस्ता निघतोय." तुझ्या नावाचा भात अजून पानात होता.

वंदना म्हणाली, "पाहू."

तिनं नाही म्हटलं नाही. तिनं नाही काहून म्हणावं? अकोल्याला दवाखान्यात दिवसभर उभी राहते, तिला कोण पट्ट्या करून देणार? मला ओरडून सांगायचं होतं, ती तीन पट्ट्यांची माती आता श्वास घेते, तिला हात लावू नका. पण कोणत्या तोंडानं? त्या वावरात पहिली मशीन मीच घातली होती. सातबाऱ्यावर तुझ्या जागी आता तिचं नाव येणार. मी फक्त मामा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना फाट्यावर गाडीची वाट पाहत उभी होती, बॅग घेऊन. मी गेलो. ती म्हणाली, "मामा, बसा ना." बाकावर जागा होती. मी बसलो नाही. ज्याच्याकडे मागायचं असतं त्याच्यासमोर उभं राहतात.

"वंदना, तुह्या आईचं वावर मले बटईनं दे. अर्धं पीक तुहं."

"बटईनं कायले, मामा? तुमचंच तं हाये."

"माहं नाही. तुहं हाये. म्हणून तं मांगून राह्यलो."

रस्त्यावरून एक हायवा गेला, त्याची धूळ खाली बसल्यावर तिनं बॅग जवळ ओढली.

"मामा, राग नका मानू. पण तुमच्याच्यानं होईन का? तुमी कोणाचं ऐकत नाही."

दुसरं कोणी असतं तर मी काय बोललो असतो ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, "नाही ऐकत. तुह्या आईचं तं कधीच नाही ऐकलं."

तिचे डोळे भरले. तिनं ते बॅगच्या पट्ट्यानं पुसल्यासारखं केलं. मग ती अगदी तुझ्यासारखी ताठ झाली. "मंग माह्यं ऐकाल? यंदा चौथ्या पट्टीत पीक घ्याचं नाही. आई सांगत होती, दोन वर्सं नुसता ताग. अन् त्या माणसाले मी फोन करून नाही म्हणते. पण तुमी मधात सोडलं तं मी पुन्हा पाहू म्हणन."

"बरं," मी म्हटलं.

एवढंच. पुढं काही जोडलं नाही. त्र्याहत्तर वर्षांत बाईमाणसाला नुसतं 'बरं' म्हणण्याची ती माझी पहिली वेळ. ती तुझ्या वाट्याची होती, शेवंता, तुझ्या पोरीला मिळाली.

गाडी आली, वंदना गेली. मी घरी गेलो नाही, उलट्या बाजूच्या जीपमध्ये बसून कामरगावला गेलो. कृषी केंद्र नुकतंच उघडत होतं. मी तागाचं बी मागितलं. दुकानदारानं विचारलं, "कितीक वावराले, बाबा?"

"दीड एकराले," मी म्हटलं. मनात तुझं अर्धं होतं.

तो आत वळला. मी म्हटलं, "थांब. तीन एकराचं दे."